घरबसल्या पदवी आणि धृतीची कसोटी

(कार्यकर्ते आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



रात्री साडेदहाच्या सुमारास लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीत शिरावे. जेवणे आटोपलेली असतात, भांडी घासून पालथी पडलेली असतात, पोटमाळ्यावर धाकट्या भावाचे अंथरूण घातले गेलेले असते. आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत, दाराच्या चौकटीला पाठ टेकून, कानात इयरफोन घालून एखादी मुलगी मोबाईलच्या पडद्यावर वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षाचे व्याख्यान ऐकत असते. दिवसभर ती दादरच्या कापडाच्या दुकानात उभी राहिलेली असते. पाय दुखत असतात, डोळे मिटत असतात. तिने प्रवेश घेतला तेव्हा मजल्यावर पेढे वाटले गेले. उद्या तिने अभ्यास सोडला, तर मात्र ते कोणाच्याही लक्षात येणार नाही.

आजच्या विषयाचे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. नेहमीच्या महाविद्यालयात एखादा विद्यार्थी आठ दिवस आला नाही, तर त्याचा बाक रिकामा दिसतो. हजेरी घेताना त्याच्या नावापाशी प्राध्यापक क्षणभर थांबतात, मित्र घरी चौकशीला येतात, निदान उपाहारगृहातील उधारी मागायला तरी कोणी येते. ऑनलाईन वर्गात बाकच नाही, मग रिकामा काय दिसणार? तेथील गळती निःशब्द असते. विद्यार्थी एका रात्री व्याख्यान चुकवितो, दुसऱ्या रात्री चुकवितो, तिसऱ्या रात्री त्याला उघडून पाहण्याचीच लाज वाटू लागते. सत्र संपते, शुल्क वाया जाते आणि घरातल्यांना ‘यंदा परीक्षेला बसलो नाही’ एवढेच सांगितले जाते.

ही गळती केवढी आहे, याची कल्पना यावी म्हणून परदेशातील एकच अभ्यास पुरेसा आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतील दोन ख्यातनाम शिक्षणसंस्थांनी ‘एडएक्स’ या माध्यमातून जगभरातील विद्यार्थ्यांसाठी खुले ऑनलाईन अभ्यासक्रम चालविले. त्यांतील अनेक वर्षांच्या नोंदी तपासून काढलेले निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडून पाहिला नव्हता. २०१७-१८ या वर्षात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण शंभरात जेमतेम तीन होते. परंतु ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरून, ओळख पटवून प्रवेश घेतला होता, त्यांच्यात तेच प्रमाण निम्म्याच्या जवळपास गेले. व्याख्याने तीच, प्राध्यापक तेच, पडदाही तोच. फरक पडला तो बांधिलकीचा. अर्थात हे फुकट वा अल्पमोली अभ्यासक्रम होते, त्यांची तुलना पदवीच्या अभ्यासक्रमाशी जशीच्या तशी करता येणार नाही. तथापि उत्तम व्याख्यान उपलब्ध करून दिले म्हणजे शिक्षण घडते, हा भ्रम दूर व्हायला तेवढे आकडे पुरेत.

अशा वेळी एक उत्तर तयारच असते. ‘हल्लीच्या मुलांत चिकाटी राहिलेली नाही.’ हे उत्तर सांगणाऱ्याला सुखावणारे आहे आणि त्यामुळे काहीच करावे लागत नाही. परंतु ते खरे मानावे, तर या मुंबईत, याच गिरणगावात, आजच्यापेक्षा कितीतरी अपुऱ्या साधनांनिशी माणसे शिकली, ती कशी? ती सगळीच पोलादी मनाची होती काय? त्यांच्यापाशी असे काय होते, जे दाराशी बसलेल्या त्या मुलीपाशी नाही, याचा शोध घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. मुंबईत नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि त्या संस्थेने गिरणी कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालये चालविली. परळचे दामोदर सभागृह त्याच कार्याची खूण, आणि आज ज्या रस्त्यावर उंच काचेच्या इमारती उभ्या आहेत त्याला ना. म. जोशींचे नाव आहे. त्या काळचा गिरणी कामगार कसा राहत असे? एका खोलीत दहा-पंधरा जण. पहिल्या पाळीचा उठला की दुसऱ्या पाळीवरून आलेला त्याच जागी आडवा व्हायचा. खानावळीत जेवण, गॅलरीत झोप. अभ्यासाला एकांत नावाची वस्तूच नव्हती. पण रात्रशाळेत निघताना तो एकटा निघत नसे. गावकीतले, खात्यातले दोन-चार जण बरोबर असत. एखाद्या रात्री अंग मोडून आले तरी ‘अरे चल, नुसता बसून राहा’ म्हणून कोणीतरी त्याला उठवी. अभ्यासाला लागणारी अर्धी इच्छाशक्ती तो सोबत्यांकडून उसनी घेत होता, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

कविवर्य नारायण सुर्वे यांचे उदाहरण या परिसरातलेच. एका गिरणी कामगाराने सांभाळलेला हा अनाथ मुलगा गिरणीत राबला, शाळेत शिपाई झाला, परीक्षा देऊन १९६१ मध्ये महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाला आणि १९६६ मधील आपल्या काव्यसंग्रहाला त्याने ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. त्यांची राजकीय विचारसरणी या सभागृहातील अनेकांना मान्य नसेल. पण शिपायाचा शिक्षक होण्याच्या त्या वाटचालीपुढे मान लवविण्यास विचारसरणी आड येण्याचे कारण नाही.

पुढे काळ बदलला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. टपालाने छापील पाठ येत, कधी रविवारी संपर्क-व्याख्याने होत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली त्या संपाने विझविल्या आणि त्यांतील असंख्य चुली पूर्वीसारख्या पुन्हा पेटल्याच नाहीत. ज्या घरांतील मुलांना दिवसा कामाला जावेच लागले, त्यांच्यासाठी घरी येणारे ते पाठ म्हणजे पदवीकडे जाणारी एकमेव वाट होती. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञाने नाशिकच्या विद्यापीठाची पायाभरणी केली आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद गावोगाव पोहोचले. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या व्यासपीठाचा आरंभ २०१७ मध्ये झाला. २०२० च्या महामारीत तर सारा देशच पडद्यासमोर बसून शिकला. ज्ञानगंगा घरोघरी पोहोचली, हे खरेच. मात्र घरी आलेल्या गंगेत रोज स्नान करायचे, तर उठून तिच्यापर्यंत जावे लागते आणि माघात ते जड जाते.

अमेरिकेतील दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. दूरशिक्षणातील ‘दूर’ हा शब्द मैलांचा नाही. शिकविणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती होतो, त्यावर ते अंतर मोजायचे. लालबागहून कालिन्याचे विद्यापीठ-संकुल काही फार लांब नाही. पण शंका विचारायला माणूस नसेल, आपण शिकत आहोत हे कोणाला ठाऊकच नसेल, तर ते अंतर काशीइतके होते.

आता मनोबलाकडे वळू. या विषयाला पाश्चात्त्य मानसशास्त्रात अलीकडे ‘मानसिक भांडवल’ असे नाव मिळाले आहे. फ्रेड लुथान्स या अभ्यासकाने ते रूढ केले. आत्मविश्वास, आशा, आशावादी दृष्टी आणि पडल्यावर पुन्हा उभे राहण्याची शक्ती, असे त्याचे चार घटक मानले जातात. या भांडवलावर कोणतीही बँक कर्ज देत नाही, तरीही संसार आणि शिक्षण दोन्ही त्यावरच चालतात! आपल्या परंपरेत मात्र यासाठी फार जुना आणि अधिक खोल शब्द आहे, धृती. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी धृतीचे तीन प्रकार वर्णिले आहेत. मन, प्राण आणि इंद्रिये यांना स्थिरपणे धरून ठेवणारी ती सात्त्विक. फळाच्या आसक्तीने धरून ठेवते ती राजस. आणि तिसरी तामस. ती निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना सोडीत नाही.

हा तिसरा प्रकार विचार करण्यासारखा आहे. धरून ठेवणे हा नेहमी गुणच असतो असे नाही, हे त्यातून सुचविले गेले आहे. निराशेलाही माणूस चिकाटीने धरून बसतो. ‘मला गणित कधीच येणार नाही’, ‘आमच्या घराण्यात कोणी शिकलेले नाही’, ‘या वयात काय डोक्यात शिरणार’ ही वाक्ये काही विद्यार्थी ज्या निष्ठेने जपतात, तेवढ्या निष्ठेने त्यांनी अभ्यासाची वही जपली तर प्रथम श्रेणी दूर नाही. मार्टिन सेलिग्मन यांनी हेच दुसऱ्या भाषेत मांडले. अपयश आले की निराशावादी माणूस त्याचे कारण कायमचे मानतो, सर्वत्र लागू मानतो आणि सगळा दोष स्वतःकडे घेतो. एका विषयात नापास झाला की ‘मी नापास आहे’ असे म्हणतो. आशावादी माणूस म्हणतो, ‘या सत्रात, या विषयात, तयारी कमी पडली.’ गुणपत्रिका दोघांची एकच. पुढच्या सत्राचे शुल्क भरायला मात्र दुसराच जातो.

आत्मविश्वास कोठून येतो? ‘तू करू शकतोस’ असे पाठीवर थाप मारून सांगितल्याने तो थोडासा येतो. पण टिकतो तो स्वतः काहीतरी करून दाखविल्याने. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचे हेच सूत्र आहे. ज्यांना ते पुस्तकातून समजत नसेल त्यांनी शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात सायंकाळी जाऊन मल्लखांबाचा सराव पाहावा. नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी कोणी टोकावर चढवीत नाही. आधी पकड, मग साधी अढी. ती जमली की त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटते, ते कोणत्याही भाषणाने उमटत नाही. समोर त्याच्याच वयाचा मुलगा पुढची उडी घेत असतो, ते पाहून ‘हे माणसाला जमते’ एवढे त्याला कळते. ऑनलाईन अभ्यासक्रमातील विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात चाळीस व्याख्यानांची यादी पाहतो आणि खांबाच्या टोकाकडे पाहून मागे फिरतो. त्याला पहिल्या पंधरा दिवसांत एक छोटा स्वाध्याय पूर्ण करून पाठवायला लावणे, हे साधे काम अनेक प्रेरक भाषणांपेक्षा मोलाचे आहे.

आशेबद्दलही एक गैरसमज आहे. आशा म्हणजे ‘सारे चांगलेच होईल’ असे वाटणे नव्हे. सी. आर. स्नायडर यांच्या मते आशेला दोन पाय आहेत. एक म्हणजे पुढे जाण्याची ओढ आणि दुसरा म्हणजे वाटा शोधण्याची बुद्धी. एक वाट बंद झाली तर दुसरी काढता येईल हा भरवसा. लालबागच्या विद्यार्थ्याइतके हे कोणाला कळणार? भाद्रपदातील ते दहा दिवस या भागात अभ्यास होत नाही, हे ब्रह्मदेवालाही मान्य करावे लागेल. रस्ते भरलेले, ढोल-ताशे, दारात पाहुणे, मंडळाचे काम. आणि ते टाळून खोलीत पुस्तक घेऊन बसणारा मुलगा कोणालाच आवडणार नाही. आशाहीन विद्यार्थी म्हणतो, ‘गणपतीत अभ्यास बुडाला, आता काय उपयोग?’ आशावान विद्यार्थी श्रावणातच दोन पाठ पुढे जाऊन ठेवतो, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पुरती झोप काढतो आणि तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा बसतो. व्यत्यय दोघांनाही आला, पण एकाने तो हिशेबात धरला होता. टिकून राहणे म्हणजे कधीच खंड न पडणे, अशी समजूत करून घेतल्यामुळे कितीतरी चांगली मुले पहिला खंड पडताच शिक्षण सोडून देतात.

खंड पडल्यावर परत येण्याची गोष्ट निघाली की या परिसरातील सर्वात मोठे नाव आठवल्यावाचून राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परळच्या चाळीतील एका खोलीत आंबेडकर कुटुंब राहत होते. भीमराव रात्री लवकर झोपत, वडील रामजी सुभेदार जागे राहत आणि पहाटे दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवीत. खोलीत जागा नव्हती, म्हणून वडिलांनी वेळ निर्माण केली. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे एका गृहस्थांचे लक्ष गेले. ते होते शिक्षक आणि शिवचरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या प्रसंगी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे शिक्षण अडले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. बाबासाहेबांची बुद्धी आणि जिद्द अलौकिक होतीच, त्याविषयी वाद नाही. परंतु त्या जिद्दीच्या अवतीभोवती रात्री जागणारा एक पिता होता आणि बागेत थांबून ‘काय वाचतोस?’ असे विचारणारा एक अनोळखी शिक्षक होता.

पुढची कथा तर आजच्या प्रत्येक ऑनलाईन विद्यार्थ्याने मुळातून वाचावी. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. महायुद्धात त्यांची पुस्तके असलेले जहाज बुडाले. मात्र लंडन विद्यापीठाने एक सवलत दिली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करता येईल. त्या एका दारावर नजर ठेवून त्यांनी मुंबईत दिवस काढले. १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पगारातून पैसे साठविले. राहणे परळच्या बीआयटी चाळीत. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथेही शेवटी प्रबंधात बदल करण्याची सूचना झाली, पैसे संपत आले होते; ते मुंबईस परतले आणि सुधारित प्रबंध त्यांनी येथूनच पाठविला. १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली. म्हणजे त्या पदवीचा अखेरचा टप्पा विद्यापीठापासून हजारो मैलांवर, टपालाच्या भरवशावर, मुंबईत पार पडला! आणि हा अनुभव ते विसरले नाहीत. १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना कामावर जाण्यापूर्वी शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले.

लंडन विद्यापीठाने दिलेली ती चार वर्षांची सवलत आता आपल्या व्यवस्थेतही निराळ्या स्वरूपात आली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने अनेक वेळा प्रवेश व निर्गमाची कल्पना मांडली आणि २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे नियम आले. मिळविलेले श्रेयांक साधारणतः सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. घरोघरी ही माहिती नीट पोहोचलेली नाही. बाळंतपणासाठी, वडिलांच्या आजारपणासाठी, नोकरीतील बदलीसाठी अभ्यास थांबविणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुझे सारे वाया गेले’ असे सांगितले जाते. ते बहुधा खरे नसते. त्याचप्रमाणे दूरस्थ पदवी म्हणजे दुय्यम पदवी, हा समजही अनेक घरांत टिकून आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाईन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रवेशापूर्वी मान्यता तपासून घ्यावी, एवढी दक्षता मात्र अनिवार्य. लग्नाच्या बैठकीत ‘रेग्युलर की एक्स्टर्नल?’ असे विचारणाऱ्या काकांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवे. त्या एका प्रश्नाने खचणारी मने थोडी नाहीत.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. मनोबलाची महती गाताना साऱ्या अपयशाचे खापर विद्यार्थ्याच्या माथी फोडणे हे पाप होय. केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयातील परिचारिका आठवड्याला पाळी बदलत असताना पुढील पदवीसाठी शिकत असेल आणि थेट व्याख्यान नेमके तिच्या रात्रपाळीत येत असेल, तर तिला धृतीवर प्रवचन नको, ध्वनिमुद्रण हवे. पुनर्विकासात घर गेल्याने संक्रमण शिबिरात राहणाऱ्या मुलाला वीज आणि जाळ्याची जोडणी हवी. काही वेळा निवडलेला अभ्यासक्रमच चुकीचा असतो. तो सोडून दुसरा धरणे हा पराभव नव्हे, शहाणपण आहे.

आणि एक गोष्ट केवळ घरातच सुधारता येण्याजोगी आहे. आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. मुलगा पुस्तक उघडून बसला की आजी घरातल्यांना ‘हळू बोला’ म्हणते. दसऱ्याला पाटी-पुस्तकांची पूजा होते. परंतु तोच मुलगा मोबाईल घेऊन बसला की ‘सारखा त्या मोबाईलमध्ये’ असे शब्द कानी येतात. सुनेच्या बाबतीत तर विचारूच नये. तिच्या हातातील पडद्यावर अर्थशास्त्र चालले आहे की मनोरंजन, हे दुरून दिसत नाही. म्हणून तिला मध्येच हाक मारायला कोणाला संकोच वाटत नाही. साधन बदलले, पण साधनाभोवतीचा आदर अजून नव्या साधनाकडे आलेला नाही. एका लहान पाटावर वही, पेन आणि मोबाईल ठेवून, ठरावीक वेळी, ठरावीक कोपऱ्यात बसण्याची प्रथा घरात पाडली, तर आठ-पंधरा दिवसांत घर आपोआप शांत होऊ लागते. घराला कळते की ही अभ्यासाची वेळ आहे. आणि विद्यार्थ्याच्या मनालाही ते कळते. सहाव्या अध्यायात चंचल मनावर सांगितलेला उपाय अभ्यास आणि वैराग्य हाच आहे, आणि अभ्यास या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणे असा आहे.

दूरशिक्षणाचे प्रतीक म्हणून एकलव्याचे नाव नेहमी घेतले जाते. त्याच्या कथेतील एक बारकावा मात्र सुटून जातो. गुरू दूर होते, तरी एकलव्य रिकाम्या जागेसमोर बाण सोडीत बसला नाही. त्याने मातीची मूर्ती घडविली आणि रोज तिच्यापुढे उभा राहिला. कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे, ही जाणीव त्याने स्वतःसाठी निर्माण केली. एवढी प्रतिभा प्रत्येकात नसते. सामान्य विद्यार्थ्याला खरेखुरे पाहणारे माणूस लागते.

आणि हे तर आपल्या कार्यपद्धतीतच आहे. संघाच्या शाखेला शंभर वर्षे झाली. त्या एका तासाचे बळ कशात आहे? रोज ठरलेली वेळ, ठरलेले मैदान, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गटनायक. एखादा स्वयंसेवक दोन दिवस आला नाही की गटनायक त्याच्या घरी जातो. रागवायला नव्हे, ‘बरा आहेस ना?’ एवढे विचारायला. आईच्या हातचा चहा घेतो, घरातली अडचण समजून घेतो आणि ‘उद्या ये’ म्हणून निघतो. मायकेल मूर यांनी ज्या अंतराबद्दल लिहिले, ते या चहाच्या कपाने मिटते. ऑनलाईन विद्यापीठाने व्याख्याता दिला, पाठ दिले, परीक्षा दिली. गटनायक काही दिला नाही. आणि तो विद्यापीठाने द्यावा अशी अपेक्षाही करता येत नाही, कारण तो त्याच वस्तीतला असावा लागतो.

गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालतो. त्या परंपरेतील मंडळांची कार्यालये, वाचनालये, अभ्यासिका गिरगावपासून लालबागपर्यंत पसरलेल्या आहेत. त्यांतील एखाद्या जागेत रविवारी सकाळी दोन तास, निरनिराळ्या विद्यापीठांत शिकणारे आठ-दहा जण एकत्र बसले तर? विषय वेगळे असोत, वर्षे वेगळी असोत. कोणी एमए मराठी करील, कोणी संगणकाची पदवी. शिकवायला कोणी नको. प्रत्येकाने ‘मागच्या आठवड्यात कोठवर आलो’ हे दोन वाक्यांत सांगायचे आणि आपापल्या अभ्यासाला लागायचे. दुकानात उभी राहणारी ती मुलगी आणि बँकेतून निवृत्त होऊन संस्कृत शिकणारे आजोबा एका सतरंजीवर बसतील. आजोबांना तिच्याकडून स्वाध्याय संकेतस्थळावर चढवायला शिकता येईल आणि तिला त्यांच्याकडून ताळेबंद. असा प्रयोग करायला निधी लागत नाही. एक किल्ली लागते, दोन पंखे लागतात आणि एक वही लागते.

वहीत नावे लिहायची ती दोन रकान्यांत. आलेल्यांची एका बाजूला, न आलेल्यांची दुसऱ्या बाजूला. सतरंजी गुंडाळून दाराला कुलूप लावले की वही घरी न्यायची नाही. आधी दुसऱ्या रकान्यातील पहिल्या नावाच्या घरी जायचे.